हप्ता आधी, पगार मागून

शैक्षणिक कर्जाच्या फायलीत कागदांचा क्रम ठरलेला असे: प्रवेशाचं पत्र, कॉलेजचं फीपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, सातबारा. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेत कर्जाचं टेबल सांभाळत होते. त्या काळात सगळ्यांत जास्त फायली आल्या त्या कॉम्प्युटरवाल्यांच्या: बी.ई. कॉम्प्युटर, आय.टी., डिप्लोमा, पुढेपुढे ‘नेटवर्किंग’. अर्जात ‘अपेक्षित उत्पन्न’ असा एक रकाना होता. मुलगा तिथे शेजारच्याच्या पुतण्याचा पगार लिहून टाकी आणि तो आकडा कोणी तपासत नसे. जमीन तपासली जाई, जामीनदार तपासला जाई. ज्या पगारातून कर्ज फिटायचं, तो मात्र सगळ्यांनी गृहीत धरलेला असे.

गरिबाच्या मुलाच्या शिक्षणाचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून जेवणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. पण ती सोय सगळ्या जातींना नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात मुलं शेतात, बांधकामावर राबून शिकली. त्याला ‘कमवा आणि शिका’ म्हणत. शिक्षणासाठी कर्जही होतं, पण ते मोजक्यांना मिळे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या रूपाने. फेडलेल्या पैशातून पुढच्यांना मदत व्हावी, ही त्यातली योजना. पुढे कोल्हापुरात नाव कमावलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या त्या निधीच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांतल्या. या सगळ्या तऱ्हांत एक गोष्ट समान होती: मुलगा शिकला नाही, नापास झाला, नोकरी मिळाली नाही, तर तोटा समाजाने, संस्थानाने किंवा निधीने सोसायचा. बापाचं रान जात नसे.

स्वतंत्र महाराष्ट्रानेही काही वर्षं हाच रस्ता धरला. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना फी माफ झाली. ‘ईबीसी’ हा शब्द खेड्यापाड्यांतल्या शाळा-कॉलेजांत रूढ झाला तो तेव्हापासून. इंजिनिअरिंगची फीही तेव्हा शेतकऱ्याच्या आवाक्यातली होती. अडचण जागांची होती. पुण्याचं १८५४ चं कॉलेज, मुंबईचं १८८७ चं व्हीजेटीआय, सांगलीचं १९४७ चं वालचंद, नंतर कऱ्हाड, औरंगाबाद, नागपूर, अमरावती. राज्यभरातल्या हुशार मुलांना एवढ्या जागा पुरत नव्हत्या. ज्यांच्याकडे पैसा होता ते कर्नाटकात जाऊन डोनेशन भरून प्रवेश घेत.

१९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. दादा आमच्याच सांगलीचे. आपली मुलं आणि आपला पैसा परराज्यात का जावा, हा त्यामागचा विचार होता. त्या निर्णयामुळे ज्यांच्या घरात कोणी पदवी पाहिली नव्हती अशी हजारो मुलं इंजिनिअर झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचं मोल मला कमी लेखायचं नाही. पण त्याच दिवसापासून शिक्षणाचा खर्च सरकारच्या खात्यातून निघून घराच्या खात्यात आला. डोनेशनला आळा घालायला राज्याने १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा केला. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अर्ध्या जागा ‘फ्री’ आणि अर्ध्या ‘पेमेंट’ अशी वाटणी करून दिली. २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने तीही मोडली. पुढे फी समितीने ठरवायची, पण ती सगळ्यांना सारखी. हुशार गरिबाची जवळजवळ फुकटची जागा संपली.

नेमक्या याच सुमाराला, २००१ मध्ये, बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. देशातल्या शिक्षणाला साडेसात लाखांपर्यंत कर्ज, चार लाखांपर्यंत तारण नाही, शिक्षण चालू असताना हप्ता नाही. शिक्षण संपल्यावर एका वर्षाने किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, यांतलं जे आधी घडेल तेव्हापासून परतफेड, पाच ते सात वर्षांत. योजना चांगली होती. डोनेशनसाठी सावकाराकडे जाणारा बाप तिच्यामुळे बँकेत आला. आटपाडीकडचे एक डाळिंबवाले शेतकरी सही करताना मला म्हणाले होते, “मॅडम, पोरगं शिकलं की फिटंल सगळं.” तो विश्वास साऱ्या तालुक्याचा होता, आणि त्याला कारणही होतं.

कारण नेटवर्किंगचा धंदा आमच्या डोळ्यांदेखत उभा राहत होता. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं. चार-पाच वर्षांत तालुक्याच्या गावी सायबर कॅफे आले. मग आमच्या बँकेत कोअर बँकिंग आलं. लेजर गेली, छतावर व्हीसॅटची छत्री बसली आणि ‘लिंक नाही’ ही पाटी काउंटरवर कायमची झाली. लिंक गेली की पेन्शनीचे म्हातारे बाकावर ताटकळत, आणि आम्ही कंत्राटदाराच्या माणसाला फोन करत असू.

येणारा बहुतेक वेळा विशीतला मुलगा असे. पाठीवर बॅग, तिच्यात क्रिम्पिंग टूल आणि टेस्टर. रॅकखाली मांडी घालून तो केबलचं वरचं आवरण सोली, आतल्या आठ तारा उलगडून बोटांनी सरळ करी, आणि त्या ठरलेल्या क्रमाने लावी: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टोकं एका रेषेत कापून कनेक्टरमध्ये सरकवी, टूल दाबी, टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले की उठे. त्यातला एक आमच्याच शेजारच्या शाखेचा कर्जदार निघाला. बी.ई. झालेला. हे काम कॉलेजात शिकवलं का, असं मी विचारलं, तर म्हणाला, “नाही मॅडम, ते पुण्यात सहा महिन्यांच्या क्लासला शिकलो. त्याची फी वेगळी.” सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा १९९८ पासून सुरू झाली, आणि नोकरी देणारे पदवीसोबत तीही मागू लागले होते. तिचं प्रमाणपत्र तीन वर्षांनी नवं करावं लागतं. कर्ज सात वर्षं चाले.

आता तो हिशोब मांडते, जो फायलीत नसे. वर्षाला एक लाख असं चार वर्षांचं चार लाख कर्ज, व्याज १२ टक्के, शिक्षण आणि पुढचं एक वर्ष सरळव्याज. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ६० हजार, दुसऱ्यावर ४८, तिसऱ्यावर ३६, चौथ्यावर २४. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी चार लाखांचे पाच लाख ६८ हजार झालेले असतात. सात वर्षांत फेडायचे तर महिना दहा हजारांच्या किंचित वर, आणि एकूण भरणा जवळपास आठ लाख ४२ हजार. रॅकखाली बसलेल्या त्या मुलाचा पगार तेव्हा महिना बारा हजार होता. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, मेसचा डबा लावायचा आणि दहा हजार हप्ता भरायचा, हे कोणालाही जमणारं नव्हतं. बाप डाळिंबाच्या पैशातून भरी; ज्या वर्षी तेल्या रोग पडे, त्या वर्षी खातं थकीत होई.

सरकारने पुढे दुरुस्त्या केल्या. २००९ पासून साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांना शिक्षणकाळातलं व्याज केंद्राकडून मिळू लागलं. त्याने वरच्या हिशोबातला हप्ता सात हजारांवर येतो, हा मोठाच आधार. २०१५ मध्ये मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढली. पण तेच पाच लाख ६८ हजार पंधरा वर्षांत फेडले तर हप्ता सहा हजार ८०० होतो आणि एकूण भरणा सव्वाबारा लाखांवर जातो. राज्याने २०१६ पासून शाहू महाराजांच्या नावाने निम्म्या फीची शिष्यवृत्ती दिली, आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची फी पूर्ण माफ केली. भार पुन्हा समाजाच्या खांद्यावर येऊ लागला आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

मूळ दुखणं मात्र तसंच आहे. नेटवर्किंगमध्ये पगार पायऱ्यांनी चढतो. पहिली दोन-तीन वर्षं फील्डवर किंवा हेल्पडेस्कवर, रात्रपाळीत. पैसा थोडा, शिकणं भरपूर. राउटर, फायरवॉल, डेटा सेंटर हातात आले की चौथ्या-पाचव्या वर्षी पगार उडी घेतो, आणि कॉलेजात शिकलेला सिद्धान्त खरा कामी येतो तोही तेव्हाच. माझ्या टेबलावरची पुष्कळ खाती पाचव्या वर्षानंतर झपाट्याने फिटली. म्हणजे पदवी वाया जात नव्हती. हप्ता चुकीच्या वर्षी मागितला जात होता. याच बँका डाळिंबाच्या बागेला कर्ज देतात तेव्हा झाड धरेपर्यंत मुद्दल मागत नाहीत, आणि पुढचे हप्ते उत्पन्न बघून बांधतात. झाडाला दिलेली सवड मुलाला का नाही?

म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे. पहिला हप्ता हाती येणाऱ्या पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा. बारा हजार हाती येणार असतील तर तीन हजार. त्या हप्त्यात सात वर्षांत फिटेल असं कर्ज, साचलेलं व्याज धरून, एक लाख ७० हजारांचं असतं. बावीस हजार येणार असतील तर तीन लाखांच्या आसपास. त्याहून जास्त लागत असेल तर रस्ता बदलावा. दहावीनंतर सरकारी तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा, मग पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश; मधे वर्ष-दोन वर्षं नोकरी केली तरी बिघडत नाही. कर्मवीरांनी साताऱ्यात जे दाखवून दिलं, ते या धंद्यात आजही जमतं, कारण इथे काम करतच शिकावं लागतं.

आणि बँकांनी पहिली तीन वर्षं हप्ता लहान ठेवून पगाराबरोबर तो वाढवावा. ज्या मुलांच्या हातांनी गावोगावच्या बँका, दवाखाने आणि कचेऱ्या एकमेकांना जोडल्या गेल्या, त्यांच्या शिक्षणाची सगळी जोखीम एकट्या बापाच्या सहीवर टाकणं हा अन्याय आहे, आणि तो दूर करणं आपल्या हातात आहे.