पातलीजान आणि वांगे

परक्या देशाची पहिली ओळख पुष्कळदा जिभेनेच होते, आणि कधी कधी ती ओळख नसून पुनर्भेट ठरते. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंताल्याला सुट्टी घालवायला आता मराठी कुटुंबेही जातात. समुद्राकाठी तिथले पारंपरिक रात्रीचे जेवण मांडले, की पिलाव, कबाब, चोर्बा, शेर्बेत ही नावे कानी पडतात आणि वडूजकडच्या माणसालाही दुभाष्याची गरज भासत नाही. ही जवळीक केवळ योगायोगाची नव्हे. तिचा विचार करू लागलो, की आपण आपल्या भाषेविषयीच्या एका जुन्या वादापाशी येऊन पोहोचतो.

वडूज ज्या खटाव-माणच्या मुलखात आहे तो एके काळी आदिलशाहीत होता. या घराण्याचा संस्थापक यूसुफ आदिलखान हा उस्मानी सुलतानाचा मुलगा, असे फिरिश्ता सांगतो. इतिहासकार ही दंतकथा मानतात. पण ती रचली जावी यावरून त्या नावाला दख्खनेत केवढी प्रतिष्ठा होती हे कळते. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली अहमदनगरला ओतली गेली. ती ओतणारा कारागीर 'रूमी' म्हणवला जाई. रूमी म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. 'तोफ' हा शब्दही मुळात तुर्कीच. माणसांमागून शब्द आले ते बहुधा फारसीच्या मध्यस्थीने, कारण वंशाने तुर्क असलेल्या सरदारांचीही दरबारी भाषा फारसी असे. बारीक चिरणे या अर्थाच्या तुर्की धातूवरून 'किय्मा' झाला, तो आपला खिमा. परतणे या अर्थाच्या धातूवरून 'कावुर्मा', तो आपला कोर्मा.

परंतु ही वाट एकेरी नव्हती. तुर्की जेवणात वांग्याचा मान मोठा आहे, आणि त्याचे तिथले नाव 'पातलीजान'. अरबीतले 'बादिंजान', फारसीतले 'बादिंगान' असे मागे मागे जात अभ्यासक संस्कृतातल्या 'वातिंगण'पर्यंत पोहोचतात. म्हणजे येरळाकाठच्या मळ्यातले भरल्या वांग्याचे फळ आणि अंताल्याच्या ताटातले सारण भरलेले 'दोल्मा' हे एकाच कुळातले. 'दोल्मा' या शब्दाचा अर्थही 'भरलेले' असाच आहे.

आता वादाकडे वळू. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या काळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या त्या कोशात उपभोग्य वस्तूंसाठी 'भोग्यवर्ग' असा स्वतंत्र विभाग आहे. पुढे माधव जूलियनांनी 1925 साली फार्सी-मराठी कोश सिद्ध केला, आणि त्याच विद्वानाने 1938 साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकीय शब्दांविरुद्ध भूमिका मांडली. गंमत अशी, की स्वतः तुर्कस्तानातही हेच घडत होते. 1928 साली लिपी बदलली, 1932 साली भाषासंस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्दांना बाहेरची वाट दाखवली जाऊ लागली. आपण जे शब्द मुसलमानी अमलाचे म्हणून काढू पाहत होतो, त्यांतलेच कित्येक तुर्क लोक परके म्हणून काढत होते.

दोन्हीकडे या प्रयत्नांना यश आले ते कचेरीत, न्यायालयात, शाळेत. सावरकरांचे 'दिनांक', 'महापौर' रूढ झाले, कारण ते हुकुमाने आणि छापील कागदाने पसरू शकत होते. स्वयंपाकघराला असा कोणता कागद लागत नाही. तुर्की ताटात फारसी 'पेयनीर' आणि 'चोर्बा' राहिले. मराठी ताटात खिमा राहिला.

साहित्याच्या विद्यार्थ्याने यावरून शुद्धिवाद्यांना हसू नये. स्वभाषेच्या स्वाभिमानाची त्यांची तळमळ खरी होती, आणि त्यांनी दिलेले शब्द आपण रोज वापरतो. मात्र परकीय शब्द म्हणजे पराभवाची खूण, हे त्यांचे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. 'बादिंजान'पासून 'पातलीजान' घडवताना तुर्की भाषा कोणापुढे हरली नव्हती. तिने एक भाजी आपलीशी केली होती. शब्द कोणाच्या तलवारीबरोबर आला एवढेच विचारून भागत नाही. तो इथे कोणी, कशासाठी ठेवून घेतला, हेही विचारावे लागते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बखरींत क्वचितच मिळते. ते शोधायला आपल्याला चुलीपाशी जावे लागेल.