वर्डमधील मॅक्रो बिघडल्यास...

वर्ड सुरू करावे आणि कोऱ्या पानाऐवजी ‘कम्पाइल एरर इन हिडन मोड्यूल’ अशी सूचना देणारी चौकट समोर यावी, हा अनुभव अनेकांना येतो. चौकट बंद केली तरी पुढच्या वेळी ती पुन्हा हजर होते. मग फाइलच खराब झाली असे समजून ती काढून टाकली जाते किंवा वर्ड नव्याने इन्स्टॉल केले जाते. हे उपाय अनेकदा व्यर्थ ठरतात. कारण दोष बहुधा त्या दस्तऐवजात नसतो, तर वर्डबरोबर नकळत उघडणाऱ्या एखाद्या टेम्प्लेटमध्ये असतो.

आपोआप चालणाऱ्या आज्ञा

वारंवार करावयाची कामे एका आज्ञेत बांधून ठेवणे म्हणजे मॅक्रो. वर्ड ९७ पासून ते ‘व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स’ या भाषेत लिहिले जातात. त्यांतील पाच नावांना विशेष अर्थ आहे. ‘ऑटोएक्झेक’ हा मॅक्रो वर्ड सुरू होताना चालतो, ‘ऑटोन्यू’ नवा दस्तऐवज तयार करताना, ‘ऑटोओपन’ दस्तऐवज उघडताना, ‘ऑटोक्लोज’ तो बंद करताना आणि ‘ऑटोएक्झिट’ वर्डमधून बाहेर पडताना. त्यामुळे चौकट नेमकी केव्हा दिसते, हे प्रथम पाहावे. निम्मे निदान तेथेच होते.

दोष कसा शोधावा?

एकच दस्तऐवज उघडताना अडचण येत असेल, तर शिफ्ट कळ दाबून धरून तो वर्डमधूनच उघडावा. त्या वेळी ‘ऑटोओपन’ चालत नाही. प्रत्येक वेळी अडचण येत असेल, तर विंडोजच्या ‘रन’ चौकटीत ‘विनवर्ड /ए’ ही आज्ञा इंग्रजीत द्यावी. वर्ड तेव्हा ॲड-इन आणि सर्वसाधारण टेम्प्लेट न घेता सुरू होते. आता चूक दिसली नाही, तर दोष त्यांपैकीच एकात आहे.

यानंतर वर्ड बंद करून ‘स्टार्टअप’ फोल्डरमधील फायली एकेक करून दुसरीकडे हलवाव्यात आणि दरवेळी वर्ड सुरू करून पाहावे. तरीही चूक राहिली, तर ‘नॉर्मल’ या टेम्प्लेटचे नाव बदलावे. वर्ड नवे टेम्प्लेट आपोआप तयार करते. जुने मात्र पुसू नये. तुम्ही बसविलेल्या शैली, कळसंच आणि मॅक्रो त्यातच असतात. उपयोगी भाग ‘ऑर्गनायझर’च्या साह्याने नव्या टेम्प्लेटमध्ये आणता येतो.

चुकांचे अर्थ

‘हिडन मोड्यूल’ची चूक बहुधा अन्य कंपनीच्या ॲड-इनमुळे येते. ३२ बिट ऑफिससाठी लिहिलेला मॅक्रो ६४ बिट आवृत्तीत अडखळू शकतो. विंडोजमधील फंक्शन बोलावणाऱ्या ‘डिक्लेअर’ ओळीत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द त्यासाठी आवश्यक असतो. मोड्यूल कुलूपबंद असल्यास त्या ॲड-इनची नवी आवृत्ती घेणे हाच मार्ग उरतो. ‘कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ अशी सूचना आल्यास ऑल्ट आणि एफ ११ दाबून संपादक उघडावा व ‘टूल्स’मधील ‘रेफरन्सेस’ यादीत ‘मिसिंग’ लिहिलेली नोंद शोधावी. ५९४१ क्रमांकाची चूक म्हणजे मॅक्रो जे कोष्टक, बुकमार्क वा शैली शोधत आहे, ते त्या दस्तऐवजात नाही. चौकटीतील ‘डीबग’ दाबल्यास अडलेली ओळ पिवळी दिसते.

मराठीत काम करणाऱ्यांची एक अडचण निराळी आहे. हा संपादक युनिकोड जाणत नाही. त्यामुळे मॅक्रोत थेट लिहिलेल्या देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारे मॅक्रो लिहिताना ही बाब हमखास नडते. तेथे अक्षराऐवजी त्याचा क्रमांक ‘सीएचआरडब्ल्यू’ या फंक्शनला द्यावा. उदाहरणार्थ, ‘क’साठी २३२५.

घाई नको

मॅक्रो चालत नाही म्हणून ‘सर्व मॅक्रोंना परवानगी’ हा पर्याय निवडण्याचा मोह टाळावा. मार्च १९९९ मध्ये पसरलेला ‘मेलिसा’ विषाणू वर्डच्या दस्तऐवजातील मॅक्रोच होता. आउटलुकमधील पहिल्या ५० पत्त्यांवर तो स्वतःला पाठवीत असे. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच रोखून धरले आहेत. फाइल खात्रीच्या व्यक्तीकडून आली असेल आणि मॅक्रोची खरोखरच गरज असेल, तरच तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करावे. सारे सुरळीत झाल्यावर ‘नॉर्मल’ टेम्प्लेटची एक प्रत वेगळी जपून ठेवावी. पुढच्या बिघाडाच्या वेळी वर्षानुवर्षांची मांडणी पुन्हा करण्याची वेळ येणार नाही.