गिटारवादकाच्या चिजा, गिटार नसताना

नक्कल कुठे संपते आणि अस्सल कुठे सुरू होतं, हा प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षं प्लेटोपासून शिकवला. प्लेटोने नकलेला सत्यापासून तिसऱ्या पायरीवर बसवलं. आज तोच प्रश्न एका जॅझ अल्बमच्या निमित्ताने घेऊ.

जेम्स कार्टर हा डेट्रॉइटचा सॅक्सोफोनवादक. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात त्याने आपल्या ऑर्गन त्रिकुटासह जो कार्यक्रम केला, तो पुढच्या वर्षी ब्लू नोटने प्रसिद्ध केला. ऑर्गनवर जेरार्ड गिब्ज, ड्रम्सवर अलेक्स व्हाइट. सहाही चिजा जँगो राइनहार्टच्या ठेव्यातल्या. जँगो म्हणजे युरोपातला सर्वांत नावाजलेला जॅझ गिटारवादक, आणि मंचावर गिटार नाहीच!

आधी या ऑर्गनचं बघा. आपण ऑर्गन म्हटलं की नाट्यसंगीतातला पायांनी भाता मारायचा ऑर्गन आठवतो. हा तो नव्हे, हा विजेवरचा. लॉरेन्स हॅमंड मूळचा घड्याळं बनवणारा, स्वतःला वाद्य वाजवता येत नसे. त्याने ९१ फिरत्या धातूच्या चकत्यांतून स्वर काढले आणि १९३५ मध्ये वाद्य बाजारात आणलं. मोठा पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चना ते हवंच होतं. पण हे पाइप ऑर्गनच्या तोडीचं आहे, ही जाहिरात फेडरल ट्रेड कमिशनला खटकली. शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये जाणकारांना दोन्ही वाद्यं ऐकवून ओळखायला लावलं. जाणकार बऱ्याचदा चुकले, तरी १९३८ मध्ये कंपनीला तसे दावे थांबवायचा हुकूम झालाच. (आपल्याकडे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, त्याची आठवण आम्हांला इथे हटकून येते.)

गंमत पुढेच आहे. नक्कल म्हणून जे वाद्य हरलं, ते चर्चमधून कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या बारमध्ये गेलं आणि तिथे त्याला स्वतःचा आवाज सापडला. १९५६ मध्ये जिमी स्मिथचं पहिलं ब्लू नोट ध्वनिमुद्रण आलं, आणि मग दारं उघडलीच. डावा हात आणि पाय खर्ज सांभाळतात, म्हणून बासवादक लागत नाही. छोट्या बारच्या मालकाला तिघांची बिदागी परवडते. सौंदर्यशास्त्रात हिशेबाच्या वहीला जागा देत नाहीत, ही आमच्या विषयाची जुनी खोड. डेट्रॉइटची हेस्टिंग्ज स्ट्रीट, जिथे हे सगळं जोरात चालायचं, ती पुढे महामार्गाखाली गेली. वस्ती गेली, वाजवण्याची रीत राहिली. कार्टर आणि गिब्ज त्याच शहराचे.

आता जँगो. जन्म १९१० चा, बेल्जियममध्ये, रोमा कुटुंबात, चाकांवरच्या घरात. १९२८ मध्ये त्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने वादनाची नवी पद्धत उभी केली. कार्टरने घेतलेल्या दोन चिजा १९४३ च्या, म्हणजे जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमधल्या. रोमा लोकांना छावण्यांत धाडत होते, स्वित्झर्लंडला निसटायचा जँगोचा प्रयत्न त्याच वर्षी फसला. आणि या माणसाने चिजेला नाव दिलं 'माझ्या स्वप्नांची हवेली'! घर कधी नव्हतंच, नाही का? दुसरीचं नाव 'तिन्हीसांजेची धून'.

न्यूपोर्टला ही हवेली ऑर्गनच्या जाड ठेक्यावर उभी राहते. मूळची हळुवार कळा ऐकायला गेलात तर पहिली दोन मिनिटं तुमचा हिरमोड होईल, आमचा झाला. कार्टर तिन्ही पट्ट्यांचे सॅक्सोफोन फिरवतो, चित्कार काढतो, कधीकधी तानबाजीचा मोह त्याला आवरत नाही. तोही दोष आम्ही नोंदतो. पण गिटारची हुबेहूब नक्कल ऐकायची असेल तर ती डझनावारी मिळते, आणि त्यांतल्या बऱ्याच आम्ही अर्ध्यातच थांबवल्या आहेत.

'हा जँगोशी प्रामाणिक आहे का?' हा आक्षेप आम्हांला एका व्याख्यानानंतर घेतला गेला होता. त्याचं उत्तर जँगोच्याच अखेरच्या काळात आहे. तेव्हा त्याने जुना तंतुवाद्यांचा साज सोडला होता, विजेची गिटार हाती घेतली होती, अमेरिकेतल्या तरुण पोरांचं बीबॉप तो कान देऊन ऐकत होता. १९५३ च्या मे महिन्यात तो गेला, वय ४३. त्या दिवसांतली 'अनूमां' कार्टरने या अल्बमवर घेतली आहे. मूळ ध्वनिमुद्रण एकदा मुद्दाम काढून ऐका. त्यात मुख्य धून जँगोने स्वतःकडे ठेवलेली नाही, ती सॅक्सोफोनवाल्याला दिली आहे.