वी फ्री मेन, द

इंग्रज विनोदकार सर टेरी प्रॅचेट (२८ एप्रिल १९४८–१२ मार्च २०१५) यांची कुमारवाचकांसाठी लिहिलेली अद्भुतरम्य विनोदी कादंबरी. प्रथम प्रकाशन २००३. ‘डिस्कवर्ल्ड’ मालेतील हे तिसावे आणि त्यातील कुमारांसाठीचे दुसरे पुस्तक. पहिल्या ‘दि अमेझिंग मॉरिस अँड हिज एज्युकेटेड रोडन्ट्स’ला (२००१) कार्नेगी पदक मिळाले होते. टिफनी एकिंग या नायिकेच्या पाच कादंबऱ्यांची सुरुवात येथून होते.

कथानक : चॉक नावाच्या मेंढपाळ मुलखात राहणारी नऊ वर्षांची टिफनी ओढ्यात जेनी ग्रीनटीथ ही पाणभूतीण पाहते. घाबरून न जाता ती घरी येते आणि गोष्टींचे पुस्तक उघडते. या भुतिणीचे डोळे सूपच्या बशीएवढे असतात असे पुस्तकात लिहिलेले असते, म्हणून ती फडताळातली बशी काढून मोजते : आठ इंच. मग लोखंडी तवा आणि गोळ्यांची पिशवी घेऊन ती परत जाते, धाकट्या भावाला, वेंटवर्थला, काठावर आमिष म्हणून बसवते आणि भुतीण वर येताच तव्याचा तडाखा देते. पुढे पऱ्यांची राणी वेंटवर्थला पळवून नेते आणि त्याला सोडवायला टिफनी परीलोकात शिरते. सोबतीला नॅक मॅक फीगल : सहा इंच उंचीची, तांबड्या केसांची, अंगभर निळे गोंदलेली, पिणारी, भांडणारी, चोरटी जमात. हे कोणालाच भीत नाहीत, फक्त वकिलांना भितात. आपण मेलो आहोत आणि हे जग म्हणजेच स्वर्ग, अशी त्यांची श्रद्धा असल्याने मरणाची धास्तीही उरलेली नाही. शेवटी टिफनी भावाला आणि सरदारपुत्र रोलंडलाही सोडवून आणते. मात्र मोठी माणसे पराक्रमाचे श्रेय रोलंडला देऊन मोकळी होतात.

नायिका : टिफनीचे बळ मंत्रात नाही, निरीक्षणात आहे. समोर खरोखर काय आहे ते पाहायचे आणि आपण काय विचार करतो आहोत त्यावरही नजर ठेवायची, एवढीच तिची विद्या. परीकथेतली म्हातारी वाईटच, हे कशावरून, असा तिचा प्रश्न असतो. भट्टीत अख्खे माणूस मावेल कसे, असेही ती विचारते. या चौकशीला काळी बाजू आहे. मिसेस स्नॅपरली या एकाकी म्हातारीला चेटकीण ठरवून गावाने घराबाहेर काढलेले असते आणि ती थंडीत मरते. आपण चेटकीण व्हायचे, हे टिफनी ठरवते ते यामुळे. विनोदी म्हणून गणल्या जाणाऱ्या पुस्तकात हा प्रसंग अगदी थोडक्यात येतो, पण कादंबरीचा कणा तोच आहे.

लोकसंस्कृतीचे संदर्भ : अभ्यासकाच्या दृष्टीने कादंबरीचा सर्वांत मोलाचा भाग टिफनीची दिवंगत आजी, ग्रॅनी एकिंग, हिच्याभोवती आहे. प्रॅचेट विल्टशरमध्ये, सॅल्सबरीजवळ राहत. तिथल्या खडूच्या टेकड्या, गारगोट्या आणि मेंढ्या चॉकमध्ये जशाच्या तशा उतरल्या आहेत. ग्रॅनीची चाकांवरची झोपडी काल्पनिक नाही. मेंढ्या विताना मेंढपाळ अशी झोपडी रानात ओढून नेत आणि पोटफुगीर शेगडीपाशी रात्री काढत. मृत मेंढपाळाच्या कफनाला लोकरीचा झुपका लावायचा, म्हणजे हा बाप्या देवळात का येत नव्हता ते देवाला कळेल, ही प्रथाही इंग्लंडमधली आहे.

ग्रॅनी मेंढ्या मोजते ती ‘यान, टॅन, टेथेरा’ अशी, आणि विसावे नातवंड म्हणून टिफनी तिची ‘जिगिट’. ही अंकमाला उत्तर इंग्लंड आणि लिंकनशरमधून नोंदली गेली आहे. तिचे मूळ प्राचीन ब्रिटॉनिक भाषेत असल्याचे सांगितले जाते. ती सलग टिकून राहिली की नंतर बाहेरून आली, याबाबत एकमत नाही. आपल्याकडे विटीदांडूतल्या ‘वकट, लेंड, मूंड’ या मोजणीत तेलुगू-कानडी अंक दिसतात, त्याची येथे आठवण होते.

फीगलांच्या टोळीतला शाहीर म्हणजे गॉनागल. वाईट कवितेसाठी प्रसिद्ध असलेल्या स्कॉटिश कवी विल्यम मॅकगोनागल यांच्यावरून हे पद बेतले असून कविता हे इथे अक्षरशः शस्त्र आहे. कादंबरीचे शीर्षक स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या अनुयायांना लावल्या जाणाऱ्या ‘वी फ्रीज’ या टोपणनावाची आठवण करून देते. स्कॉटिश ढंगाचे हे दारूबाज चित्रण प्रेमळ विडंबन की साचेबंद थट्टा, याचे उत्तर वाचकागणिक बदलते.

परीलोकातील एका प्रसंगामागे रिचर्ड डॅड यांचे ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’ (१८५५–६४) हे चित्र असल्याचे प्रॅचेट यांनीच नमूद केले आहे. वडिलांची हत्या केल्यानंतर बेथलेम मनोरुग्णालयात ठेवलेल्या डॅड यांनी ते तेथेच वर्षानुवर्षे रंगवले. चित्र लहानसे, पण गवताच्या पात्यांआड दाटीवाटीने उभ्या आकृत्यांनी खच्चून भरलेले. सध्या ते लंडनच्या टेट संग्रहात आहे.

पुरस्कार : लोकस, कुमार विभाग (२००४).

रूपांतरे : सचित्र आवृत्ती २००८ (चित्रे : स्टीफन प्लेअर). जिम हेन्सन कंपनीच्या सहकार्याने चित्रपट करण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली. पटकथा लेखकाची कन्या रिआना प्रॅचेट लिहिणार होत्या.

पुढील भाग : ‘अ हॅट फुल ऑफ स्काय’ (२००४), ‘विंटरस्मिथ’ (२००६), ‘आय शॅल वेअर मिडनाइट’ (२०१०) आणि लेखकाच्या निधनानंतर आलेले ‘द शेपर्ड्‌स क्राउन’ (२०१५). प्रत्येक भागात टिफनी वयाने वाढते, त्यामुळे हे पाच भाग क्रमानेच वाचावेत. ‘डिस्कवर्ल्ड’ची आधीची पुस्तके वाचलेली नसली तरी काही अडत नाही.