आधी राग, मग मागणं

आमच्या आजीची प्रार्थना रात्री भांडी पालथी घातल्यावर सुरू व्हायची. चुलीतला विस्तव राखेखाली झाकायचा, दाराला कडी घालायची, भिंतीला पाठ टेकून बसायचं आणि पदर डोक्यावरून पुढं ओढायचा. आम्ही पोरं गोधडीत. मग तिचा आवाज यायचा: "बापा, आज मला तुपला लई राग आलाय. आधी ते सांगते, मंग काय मागायचं ते मागते."

आणि खरोखरच आधी राग सांगायची. गायीचं सड सुजलं त्याचा, थोरल्या काकाला नोकरीचा कागद आला नाही त्याचा, विहिरीवर कोणी काय टोमणा मारला त्याचा. मागणं मागून यायचं, तेही अंदाजपंचे नाही. तेल संपलंय तर तेल, पोराची फी भरायचीय तर फी, रुपयांसकट. मधेच कुठंतरी आमचा डोळा लागायचा आणि "येशूच्या नावानं मागते, आमेन" एवढं जोरात यायचं, की पुन्हा जाग यायची.

आमच्या मंडळीचे तेव्हाचे पाळकसाहेब सज्जन माणूस. त्यांची प्रार्थना मात्र फार सुबक. कृपाळू, दयाळू, सर्वसमर्थ अशी विशेषणं ओळीनं यायची आणि कुणाचं पोट दुखतंय ते कळायच्या आत प्रार्थना संपायची. त्यांनी एकदा आजीला समजावलं म्हणे, की देवाशी बोलताना थोडी मर्यादा पाळावी. आजी म्हणाली, "साहेब, तुमचा अर्ज असतो. मपलं घरातलं बोलणं हाय." हे खरंच तिनं त्यांच्या तोंडावर म्हटलं, की घरी येऊन आम्हाला सांगताना जोडलं, देव जाणे. गोष्ट सांगताना स्वतःला एखादं बरं वाक्य देऊन टाकायची तिला सवय होती. आमच्या घराण्यातच ती आहे.

तिला हे वळण तिच्या आईकडून आलं, म्हणजे माझ्या पणजीकडून. आजी तिला माय म्हणायची, म्हणून आम्हीही माय म्हणतो, पाहिलेली नसूनही. ही माय केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. पुण्याहून दौंडकडे जाताना रेल्वेचं केडगाव लागतं, ते. नगरजवळचं केडगाव वेगळं. लहानपणी माझा या दोन केडगावांचा कायम घोटाळा व्हायचा. (नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय. आजीच्या गोष्टीत ते नगरच राहणार, त्याला माझा इलाज नाही.)

माय तिथं कशी आली, याच्या दोन गोष्टी आमच्याकडं आहेत. एका गोष्टीत ती मध्य प्रांतातली, १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी आणलेल्या मुलींपैकी. दुसरीत ती गुजरातेतली, १९०० च्या दुष्काळातली. आजी पहिली गोष्ट सांगायची, आजीची धाकटी बहीण दुसरी. मी पहिलीच्या बाजूचा, कारण माय म्हातारपणी रागावली की हिंदीत बोलायची असं दोघीही सांगत.

१८९७ साली मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत होती. रमाबाई स्वतः तिकडं गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बाया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग पसरलेला. एवढ्या उपासमारीतल्या मुली शहरात ठेवायला सरकारची परवानगी मिळेना, तेव्हा केडगावच्या शेतावर तंबू ठोकून त्यांना ठेवलं. मुक्ती तिथं उभं राहिलं. पुढं तिथं दोन हजारांच्या घरात बायका-मुली राहिल्या. विणकाम, छापखाना, तेलाचा घाणा, गुरं, आंधळ्या मुलींची शाळा, सगळं त्यांच्याच हातानं.

रमाबाई मध्य प्रांतात का गेल्या, हे आजी अगदी एका वाक्यात सांगायची: "तिनं भूक पायलेली व्हती." खरंच होतं ते. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण थोड्याच महिन्यांत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे पंडित. कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत, पुराण सांगत हिंडणारं. उरलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी देशभर भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. ती पोर पुढं पंडिता झाली, सरस्वती झाली, १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाली, १८८९ साली तिनं मुंबईत शारदा सदन काढलं. पण आमच्या मायच्या तोंडी यातलं काही नसायचं. तिला आठवायचं ते इतकंच, की पहिल्या दिवशी पातळ कांजी दिली आणि दुसऱ्यांदा मागितली तर दिली नाही. उपाशी पोटाला एकदम खायला घातलं तर माणूस मरतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "पयल्याच दिवशी मी बाईला शिव्या दिल्या," असं ती अभिमानानं सांगे.

विहिरीची गोष्टही मायचीच. पाण्याचा दुष्काळ, एवढी माणसं, विहिरी थोड्या. संध्याकाळपर्यंत तळ दिसायचा. रात्री सगळ्यांनी प्रार्थना करायची आणि सकाळी त्या दिवसापुरतं पाणी झिरपलेलं असायचं. मला स्वतःला यात भूगर्भशास्त्र दिसतं. आजीला मी शाळकरी वयात ते ऐकवलंही, झरे आणि खडक वगैरे. ती म्हणाली, "मंग झरा कुणाचा?" आणि तांदूळ निवडायला लागली.

रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरच्या अनाथालयाबद्दल वाचलं होतं. माणसाकडं हात पसरायचा नाही, देवाला सांगायचं, ही त्याची रीत. त्याचा रमाबाईंवर मोठा परिणाम झाला. मात्र देवाला काय सांगितलंय ते 'मुक्ती प्रेअर बेल' नावाच्या पत्रकातून परदेशी वाचकांपर्यंतही जायचं, हे मी मोठेपणी वाचलं आणि मला हसू आलं. बाई हुशार होत्या. देवावर भार टाकायचा म्हणून टपालखातं बंद ठेवायचं असं त्यांचं नव्हतं.

१९०५ साली मुक्तीत मोठी जागृती झाली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करायच्या, रडायच्या, तासन् तास उठायच्या नाहीत. त्यावर देशोदेशी लिहिलं गेलं. माय तेव्हा पंधरा-सोळाची असणार. तिला विचारलं तर म्हणे, "त्या दिसांत सैपाक येळेवर होत नसे."

मायची एक खोड होती. तिच्या पदराच्या गाठीत कायम भाकरीचा वाळका तुकडा असायचा. नगरच्या बाजूला एका शाळामास्तराशी लग्न झालं, मुलं झाली, घरात कणगी आली, तरी तुकडा होताच. लुगडं बदललं की तुकडा नव्या पदरात. मुंग्या लागल्या की बदलायचा. आजी लहानपणी तो चोरून खायची आणि मार खायची.

दुसरी गोष्ट सांगायला मला थोडं जड जातं. मायला एक धाकटा भाऊ होता. दुष्काळात चालताना, कुठल्याशा स्टेशनाजवळच्या गर्दीत त्याचा हात सुटला. स्टेशनाचं नाव तिला कधीच आठवलं नाही. भावाचं नाव आठवत होतं, तेही लाडाचं. खरं नाव असेल नसेल. रोज रात्री ती देवाला विचारायची, तो कुठाय. तो मेला असला तर मला सांग, जगला असला तर मला सांग. कुणीतरी तिला म्हणालं, आता देवाची इच्छा समजून सोडून दे. ती म्हणाली, इच्छा असंल तर त्यानं सांगावं की, मी कुठं कान झाकलेत.

उत्तर आलं नाही. ती म्हातारी होऊन गेली. त्यानंतर आजीच्या प्रार्थनेत, गायीचं आणि फीचं झालं की एक वाक्य यायचं, जे मला लहानपणी अजिबात कळत नसे: "आन् मायचा भाऊ कुठं व्हता, ते तिला सांगितलंस ना आता?"

आमच्यातल्या लोकांना दुष्काळी ख्रिस्ती म्हणायची एक पद्धत होती. भाकरीसाठी धर्म सोडला, असं. शाळेत मलाही कुणी म्हटलेलं आहे. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार-मांग वस्त्यांतून आलेले. गावाच्या विहिरीवर ज्यांना पाणी नव्हतं त्यांना दुष्काळात कुणी काय दिलं, हा हिशेब विचारणाऱ्यानं आधी मांडावा. मला वयानुसार त्या टोमण्याची लाज वाटेनाशी झाली. येशूनं शिष्यांना जी एक प्रार्थना शिकवली तिच्यात रोजच्या भाकरीची मागणी अगदी मधोमध बसलेली आहे. पापांच्या क्षमेच्याही आधी. ती मागणी आमच्या घरानं शब्दशः केली, एवढंच.

आणि रागाचं म्हणाल तर बायबलातल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी गाऱ्हाण्यांचा आहे. आजी बोट फिरवत सावकाश वाचायची. तिचं आवडतं तेरावं स्तोत्र, ज्यात आणखी किती दिवस, हे चार वेळा विचारलंय. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारातच संपतं. पाळकसाहेब ते उपासनेत कधी वाचत नसत. आजी अमावास्येला वाचायची. का, ते विचारायचं राहून गेलं. या मातीतही देवाशी भांडणं काही नवं नाही. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली आणि तुकोबा विठ्ठलाशी किती भांडले ते सगळ्यांना ठाऊक आहे. नारायण वामन टिळक, ज्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नगरात राहून आमच्यासाठी भजनं लिहिली, ते म्हणत की आपण ख्रिस्ताकडं आलो ते तुकारामाच्या पुलावरून. आजीला तुकोबांचं एवढं माहीत नव्हतं. टिळकांची भजनं मात्र तिला 'उपासना संगीत' न उघडता येत. दळताना म्हणायची. सूर मात्र दरवेळी वेगळा.

मला स्वतःला आठवतो तो ७२ चा दुष्काळ. आठवतो म्हणजे सुकडी आठवते. दुष्काळी कामावर मिळायची, गोड, कोरडी, घशात बसणारी. आम्हा पोरांना दुष्काळ संपूच नये असं वाटायचं. मोठ्यांचं वेगळं होतं. पाझर तलावाचं काम गावाजवळ निघालेलं. सत्तावन्न-अठ्ठावन्नची आजी, माझी आत्या आणि आई तिघी मस्टरवर. खडी फोडायची, पाट्या वाहायच्या, संध्याकाळी हजेरीसाठी मुकादमापुढं उभं राहायचं. महाराष्ट्रात १९७३ च्या मेमध्ये पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती, हे नंतर वाचलं. त्यातल्या तिघी आमच्या. रेशनवर अमेरिकेचा मिलो मिळायचा, लाल. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना वास यायचा. जेवायच्या आधी उपकार मानायची आमच्यात रीत. आजी हात जोडून म्हणायची, "बापा, ह्याबद्दल उपकार. पर ज्वारी दे."

त्या वर्षी पावसासाठी मंडळीत उपास-प्रार्थना झाल्या. पाळकसाहेबांनी हबक्कूक संदेष्ट्याचा शेवटचा अध्याय घेतला. त्यात अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा, एकेक रिकामं होत जातं आणि तरीही संदेष्टा देवाच्या ठायी आनंद करीन म्हणतो. उपदेश चांगला झाला असावा, बायका रडल्या. बाहेर आल्यावर आजी म्हणाली, "हबक्कूकाकडं आधी अंजीर आन् द्राक्षं तरी व्हती." पण त्या रात्री तिची प्रार्थना लांबली. आत्या सांगते, रागाचा भाग नेहमीपेक्षा बराच मोठा होता, मागण्याचा एकच शब्द. पाणी.

मग हंगामाचा सण आला. आमच्याकडं या सणाला ज्याच्या शेतात, घरात जे असेल ते देवळात आणून वेदीपुढं ठेवतात: कणसं, भोपळे, अंडी, कोंबड्या, पापडसुद्धा. उपासनेनंतर लिलाव. एखादं अंडं लोक पुन्हा पुन्हा बोली लावून घेतात आणि परत देतात, दिवसभर तेच अंडं फिरतं. त्या वर्षी काय ठेवणार? काहींनी पैसे ठेवले. काहींनी सुकडीची पुडी. आजी उठली आणि तिनं सूप नेऊन ठेवलं.

इथं आमच्या घरात मतभेद आहे. माझे वडील अखेरपर्यंत सांगत, सूप रिकामं होतं. तिनं ते पाखडायला धरतात तसं वेदीपुढं धरलं आणि काही न बोलता ठेवून आली. वडिलांचा आवाज हे सांगताना बदलायचा. आत्या म्हणते, काहीतरीच. त्यात चार मुठी मिलो होता. "रिकामं सूप कोण नेतं का देवाच्या दारात? आई काय येडी व्हती?" मी तिथं होतो, पण मला फक्त पायात घोटाळणारी एक कोंबडी आठवते, जी कुणाच्या तरी हातून सुटली होती. पंचाहत्तरीला आलेली आत्या आणि फोटोत गेलेले वडील, यांच्यात निवाडा करण्याची माझी ताकद नाही.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. लिलावात ते सूप कुणा पाव्हण्यानं चार आण्याला घेतलं आणि रिवाजाप्रमाणं परत द्यायचं सोडून सरळ आपल्या गावी नेलं. आजीला पुढं वर्षभर शेजारणीचं सूप मागून आणावं लागलं, आणि त्याबद्दल देवाला रोज रात्री ऐकून घ्यावं लागलं.