मग ती राहिली कुठे?

परवा शनिवारी रात्री बऱ्याच वर्षांनी 'अर्थ' बघितला. घरातले सगळे झोपले होते, सोमवारी कुठलं रिलीज नव्हतं, म्हटलं बघूया आता कसा वाटतो ते.

पहिल्यांदा बघितला तो इंजिनिअरिंगला असताना, होस्टेलवर भाड्यानं व्हीसीआर आणून. गोष्ट बहुतेकांना माहीत असेलच. इंदर (कुलभूषण खरबंदा) बायकोला सोडून कविता नावाच्या नटीकडे (स्मिता पाटील) जातो. शेवटी तिकडूनही बाहेर पडतो आणि बायकोकडे, म्हणजे पूजाकडे (शबाना आझमी), परत येतो. माफी मागतो. ती त्याला एवढंच विचारते की तू जे केलंस ते मी केलं असतं, तर तू मला परत घेतलं असतंस का? तो खरं बोलतो. 'नाही' म्हणतो. ती निघून जाते. आमच्या खोलीत टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणारी सगळी मुलंच होती, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवाळीत मी मिरजेला काकूकडे गेलो होतो. तिला मी हा सिनेमा अगदी रंगवून सांगितला, आणि त्यामागे माझा हेतू होता. आमच्या काकांचं 'बाहेर' होतं. बदलीच्या गावी, आठ-दहा वर्षं. घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. मग एक दिवस काका ट्रंक घेऊन परत आले आणि काकूनं दार उघडलं. चहा केला. मी तेव्हा शाळेत होतो. पण विसाव्या वर्षी मला वाटायला लागलं होतं की काकूनं त्यांना घरात घ्यायला नको होतं. हे तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून शबाना आझमीला पुढे केलं.

काकू मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ती राहिली कुठे?"

मला वाटलं, हिला सिनेमा कळलाच नाही.

*

आता थोडा इतिहास. 'लग्न झालेला पुरुष आणि त्याचं प्रकरण' हा विषय आपल्या सिनेमात आजच्या स्वरूपात यायला आधी एक कायदा व्हावा लागला. हिंदू पुरुषाला एकीवर दुसरी बायको करायला पूर्वी कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात ही सोय १९४६ च्या कायद्यानं बंद झाली, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं देशभर. त्याआधी श्रीमंताघरी एक तर सवत यायची, नाही तर गावात वेगळ्या घरी 'अंगवस्त्र' असायचं. चोरून भेटायला, खोटं बोलायला आणि पकडलं जायला (म्हणजे सिनेमा व्हायला) आधी एकपत्नीत्वाची सक्ती असावी लागते.

आणि एक गंमत बघा. नवऱ्याचा पाय घसरतो. त्याला नाद लागतो. त्याची भानगड निघते. त्याचं बाहेर असतं. या सगळ्या वाक्यांत नवरा कर्ता कधीच नाही! त्याच्या बाबतीत सगळं आपोआप घडत असतं. (अपवाद 'शेण खाणे'. पण तो शब्दप्रयोग बायका करतात, आणि तोही स्वयंपाकघरात.) आपले सिनेमे बरीच वर्षं याच व्याकरणानं चालले. प्रकरण हा नवऱ्याचा अपघात. मग राहतो एकच प्रश्न: शेवटच्या दहा मिनिटांत तो परत कुठे जातो, आणि दार कोण उघडतं?

मला वाटतं, असे सिनेमे फक्त त्या शेवटच्या दहा मिनिटांसाठी बघावेत. मधलं सगळं साधारण सारखंच असतं.

*

१९७८ ते १९८३ या पाच-सहा वर्षांत या विषयावर पाच महत्त्वाचे सिनेमे आले. पहिला बी. आर. चोप्रांचा 'पति पत्नी और वो' (१९७८). संजीव कुमार ऑफिसातल्या सेक्रेटरीला, म्हणजे रंजीताला, आपली बायको दुर्धर आजारानं झुरते आहे असं सांगून सहानुभूती मिळवतो. बायको (विद्या सिन्हा) घरी ठणठणीत. सुरुवातच ॲडम, ईव्ह आणि सफरचंदापासून, म्हणजे पुरुषजात पहिल्यापासूनच अशी, त्याला कोण काय करणार! पकडला जातो, बायको माफ करते, आणि शेवटी ऑफिसात नवीन सेक्रेटरी येते (परवीन बाबी) तेव्हा गडी परत तयार. थिएटर हसत हसत घरी.

मग यश चोप्रांचा 'सिलसिला' (१९८१). इथे हसणं नाही. इथे ट्यूलिपची शेतं आहेत. अमितचं (अमिताभ) प्रेम चांदनीवर (रेखा), पण युद्धात गेलेल्या भावाच्या होणाऱ्या बायकोशी (जया) तो कर्तव्य म्हणून लग्न करतो. पुढे चांदनीचंही लग्न होतं आणि प्रकरण पुन्हा सुरू होतं. त्याची बाजू इतकी सुंदर चित्रित केली आहे की परत जाण्यासाठी दिग्दर्शकाला शेवटी एक विमान पाडावं लागलं आणि बायकोला दिवस गेल्याची बातमी द्यावी लागली. अमित घरी जातो, पण ते तिच्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर म्हणून नाही. तिनं प्रश्न विचारलेलाच नसतो. ती वाट बघत असते. त्या वेळी सिनेमा फारसा चालला नाही, कौतुक नंतर झालं.

१९८२ साली मात्र काहीतरी बदललं. आणि बदललं ते दोन भाषांत, एकाच वर्षात. हिंदीत महेश भट्टचा 'अर्थ'. मराठीत जब्बार पटेलांचा 'उंबरठा'. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. यात स्मिता पाटील बायको आहे, सुलभा महाजन. महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून ती घराबाहेर पडते. हात पोळून परत येते तेव्हा वकील नवरा (गिरीश कर्नाड) शांतपणे सांगतो की मधल्या काळात त्याचे दुसऱ्या एका बाईशी संबंध आले आहेत. आरडाओरडा नाही, माफी नाही. एखादी प्रशासकीय बाब कळवावी तसं. तिनं ते चालवून घ्यावं एवढीच अपेक्षा. सुलभा पुन्हा उंबरठा ओलांडते. मुलगी घरातच राहते. शेवटी सुलभा रेल्वेच्या डब्यात बसलेली दिसते.

म्हणजे एकाच वर्षी स्मिता पाटील एका सिनेमात 'ती दुसरी' होती आणि दुसऱ्यात 'ती पहिली'. आणि दोन्हीकडे पुरुषाला सोडून गेली. ('अर्थ'मध्ये कवितासुद्धा इंदरला सोडते, हे आपण विसरतो.)

पुढच्याच वर्षी शेखर कपूरचा 'मासूम' (१९८३) आला, एरिक सेगलच्या कादंबरीवरून. शबानाच बायको, पण आता प्रकरण जुनं आहे, ती बाई वारलेली आहे आणि दारात तिचा छोटा मुलगा उभा आहे. इंदूचा राग खरा आहे, भरपूर जागाही दिली आहे त्याला. पण शेवट त्या मुलाच्या चेहऱ्यावर ठरतो. एवढ्या लहान मुलाला कोण नाही म्हणेल? नवऱ्याची माफी त्याच पावतीत बसून जाते.

*

या सिनेमांवर मी आमच्या धंद्यातली एक गोष्ट करून बघितली. टेस्ट केसेस. इनपुट: त्या काळचा कायदा, म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम ४९७. हे कलम १८६० सालचं. दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवले तर त्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. तक्रार करणार कोण? तिचा नवरा.

'सिलसिला' घातला. चांदनीचा नवरा अमितवर खटला भरू शकतो. अमितची बायको? कुणावरच नाही. 'अर्थ' घातला. कविता अविवाहित, त्यामुळे इंदरनं गुन्हाच केलेला नाही. 'पति पत्नी और वो' घातला. तेच. म्हणजे पाया बायको दुखावण्याचा नव्हताच, पाया होता दुसऱ्या पुरुषाच्या मालकीचा. पूजाच्या त्या शेवटच्या प्रश्नाला इंदरनं दिलेलं 'नाही' हे कायद्याचंही उत्तर होतं. १९८५ साली सुप्रीम कोर्टानं हे कलम कायम ठेवलं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते रद्द केलं.

मग बायकोकडे होतं काय? घटस्फोट. १९५५ च्या कायद्यात त्यासाठी नवरा 'व्यभिचारात राहतो आहे' हे दाखवावं लागे. १९७६ च्या दुरुस्तीनं एक प्रसंगही पुरेसा झाला, शिवाय परस्परसंमतीनं घटस्फोटाची सोयही झाली. म्हणजे दार बंद करायची कडी या सिनेमांच्या थोडंच आधी बसवली गेली होती. पण कडी लावायला आधी दार आपलं असावं लागतं ना?

आणि इथे मला परवा रात्री काकू आठवली.

कारण 'अर्थ' सुरूच घरापासून होतो. पूजा अनाथ वाढलेली आहे, आयुष्यभर तिला स्वतःचं घर हवं आहे, आणि भाड्याची जागा सोडायची वेळ आली आहे. इंदर तिच्या हातात नव्या फ्लॅटची किल्ली ठेवतो. ती आनंदानं वेडी होते. नंतर कळतं की या घराचे पैसे कवितामुळे आलेले आहेत. मग ती किल्ली सोडते आणि बायकांच्या होस्टेलवर जाते. नोकरी शोधते. पूजाची कामवाली बाई (रोहिणी हट्टंगडी) मुलीच्या शाळेसाठी पैसे साठवत असते आणि तिचा नवरा ते दुसऱ्या बाईवर उडवतो. सिनेमाभर पैसा आणि जागा, जागा आणि पैसा. विसाव्या वर्षी मला त्यातला फक्त शेवटचा डायलॉग दिसला होता. काकूला सिनेमा न बघता बाकीचा सगळा दिसला.

*

पुढचं थोडक्यात. १९९९ ला डेव्हिड धवनचा 'बीवी नं. १' आला. योगायोग असा की त्यातल्या बायकोचंही नाव पूजा (करिश्मा कपूर). सतरा वर्षांनंतरची ही पूजा नवऱ्याच्या (सलमान) मैत्रिणीकडे मुलं आणि सासू पाठवून देते, स्वतः मॉडेल होते, पैसे कमावते... आणि हे सगळं कशासाठी? नवरा परत मिळवण्यासाठी! सिनेमा चांगलाच चालला. २००५ च्या 'नो एंट्री'त तोच मसाला तिप्पट, आणि २०१२ मध्ये त्याचा मराठी अवतारही आला. १९७८ चा विनोद पुन्हा गादीवर.

२००६ मध्ये करण जोहरच्या 'कभी अलविदा ना कहना'त नवरा (शाहरुख) घरी परतत नाही. पण बघा, त्याची बायको रिया (प्रीती झिंटा) मासिकाची संपादक आहे, न्यूयॉर्कमध्ये आहे, नवऱ्यापेक्षा यशस्वी आहे. ती राहिली कुठे हा प्रश्न तिच्याबाबतीत कुणाला पडतच नाही.

त्याच वर्षी, २६ ऑक्टोबर २००६ ला, घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा लागू झाला. त्यात बायकोला सामायिक घरात राहण्याचा हक्क मिळाला, घर कुणाच्याही नावावर असो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला होता, पण आधी लग्न झालेल्यांना तो नव्हता. म्हणजे काकूला नव्हता. देशपातळीवर हे २००५ ला बदललं. काका परत आले ते १९८९ साली.

मेथी निवडता निवडता काकू त्या दिवशी पुढे एक वाक्य बोलली होती, ते मी इतकी वर्षं बाजूला ठेवून दिलं होतं. मी वैतागून म्हटलं होतं, "काकू, मुद्दा तो नाहीये." तर ती म्हणाली, "अरे, हे घर त्यांच्या नावावर होतं. मी दार उघडलं म्हणतोस, पण किल्ली त्यांच्याकडेपण होतीच की."

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. घर आता काकूच्या नावावर आहे, ती तिथेच एकटी राहते. काल, रविवारी, तिला फोन केला. म्हटलं, काकू, तो सिनेमा परत बघितला, ती होस्टेलवर राहिली आणि नोकरी धरली. तिला आधी आठवेचना मी कशाबद्दल बोलतोय. मग आठवलं.

"बरं झालं," म्हणाली. "जेवायचं चांगलं होतं का तिथे?"