थोर कादंबऱ्या आणि कंटाळा



काही महिन्यांपूर्वी येथे सिल्वासा येथे माझ्या एका विद्यार्थिनीने हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी मला परत आणून दिली. "कशी वाटली?" असे विचारताच ती खाली मान घालून म्हणाली, "सर, फार कंटाळा आला." मी रागावणार होतो, परंतु तिच्या वयाचा असताना मीही हेच पुस्तक अर्ध्यावर टाकले होते आणि परीक्षेत मात्र त्याची स्तुती मार्गदर्शिकेवरून पाठ करून लिहिली होती, याचे स्मरण झाले. गुण चांगले मिळाले होते. मुलगी खरे बोलली होती. मी बोललो नव्हतो. तेव्हा या कंटाळ्याचा थोडा इतिहास पाहावा, असे मनात आले.

आपण या वाङ्मयप्रकाराला कादंबरी म्हणतो, ते सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाच्या नावावरून. त्या ग्रंथातील लांबलचक समासांनी किती विद्यार्थी जेरीस आले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. विधवांच्या दुःस्थितीचे दर्शन घडवावे, हा तिचा हेतू. पदमनजींनी १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला असल्यामुळे तीत उपदेशही पुष्कळ आहे. त्यामानाने लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली ती वाचकांचे मन रमविण्यासाठी, आणि पुढे कित्येक वर्षे तिच्याच वळणाच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे पीक मराठीत आले. त्याच काळात इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सने आपल्या देशातील वाचकांना वेड लावले होते. आज रेनॉल्ड्स कोण वाचतो? 'मुक्तामाला' तरी अभ्यासकांखेरीज कोण उघडतो? निव्वळ रंजनासाठी लिहिलेले पुस्तक कधी कंटाळवाणे होत नाही, ही समजूत इतिहासाला धरून नाही. उलट तेच पुष्कळदा आधी शिळे होते.

आता हरिभाऊंकडे वळू. त्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. पुस्तकरूपाने ती १८९३ साली निघाली. वाचकाला एका वेळी थोडाच भाग मिळे. तो घरात मोठ्याने वाचला जावा, त्यावर माजघरात आणि ओसरीवर चर्चा व्हावी, आणि मग पुढच्या अंकाची वाट पाहावी, अशाच बेताचे ते लेखन होते. शिवाय तो काळ कसा होता ते पाहा. मुलींच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा मार्च १८९१ मध्ये झाला आणि त्यापायी पुण्यात केवढे रण माजले! पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० सालीच मुंबईहून पुण्यास आले होते. त्या सदनातील विधवा विद्यार्थिनीशी धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला तो १८९३ साली. वाचक ज्या प्रश्नावर रस्त्यात भांडत होता, तोच प्रश्न यमू आपल्या घरगुती बोलीत त्याच्यासमोर मांडीत होती. त्याला कंटाळा यावा कसा?

माझ्या विद्यार्थिनीच्या हाती मात्र एक जाडजूड ग्रंथ पडला, आणि तोही आठ दिवसांत परत करण्याच्या बोलीवर. सावकाश चघळावयाचे अन्न एका घासात गिळावयास दिले, तर घशाला त्रास होणारच. तिच्या घरी वारली बोलली जाते. शेजारी गुजराती, बाजारात हिंदी. सोवळे आणि आलवण हे शब्द तिने प्रथमच वाचले. पुण्यातील ब्राह्मण घराच्या माजघरात तिला आम्ही वाट न दाखविता लोटले आणि वर बजावले की, हे थोर आहे हो!

तथापि सगळा दोष वाचकाच्या अज्ञानावर ढकलणेही न्यायाचे नाही. हरिभाऊंवरील पाल्हाळाचा आरोप निराधार नाही. थोरांनाही थोरांचा कंटाळा येतो. टॉल्स्टॉयने शेक्सपिअरवर जो निबंध लिहिला, तो १९०६ साली प्रसिद्ध झाला. शेक्सपिअर वाचताना आपल्याला वारंवार तिटकारा व कंटाळा आला, असे त्याने त्यात स्पष्ट सांगितले. खांडेकरांच्या 'ययाति'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले; तरी भालचंद्र नेमाड्यांनी फडके-खांडेकरांच्या परंपरेवर कठोर प्रहार केले. त्याच नेमाड्यांची १९६३ सालची 'कोसला' आज स्वतःच अभिजात ठरली आहे, आणि ती वाचवत नाही असे म्हणणारेही आहेत. यात कोणी अपराधी नाही. टॉल्स्टॉयला असे बोलण्याचा अधिकार होता, कारण त्याने शेक्सपिअर पुन्हापुन्हा वाचला होता. न वाचता केलेली निंदा जितकी पोकळ, तितकीच न वाचता केलेली स्तुतीही. आमच्या परीक्षा या दुसऱ्या प्रकारास गुण देतात, ही मला अधिक चिंतेची गोष्ट वाटते. पुस्तकाचा कंटाळा पुढे कधी तरी जाऊ शकतो. परंतु मनात नसलेले लिहिण्याची सवय एकदा जडली की सहसा जात नाही.

मी ते पुस्तक त्या मुलीला पुन्हा दिले. मुदत मात्र घातली नाही. आठवड्याला थोडेसेच वाच आणि अडेल तो शब्द विचार, एवढेच सांगितले. यमूच्या पतीच्या, रघुनाथरावांच्या मृत्यूपर्यंत ती आता पोहोचली आहे. पुस्तक आवडले, असे ती अजून म्हणालेली नाही. मीही विचारलेले नाही. परवा मात्र तिने मला थांबवून विचारले, "सर, तिचे केस कापायचे ठरविले तेव्हा तिला कोणी विचारलेच नाही का?"

एकशे तीस वर्षांपूर्वी हरिभाऊ आपल्या वाचकांना नेमके हेच विचारीत होते. उत्तर मी दिले नाही. पुढचे भाग तिला स्वतःच वाचू द्यावेत, असे ठरविले आहे.